बैठी आखणी

मी चालू शकतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्या वर्षभरात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न तोच होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर देताना, एखादा गुन्हा कबूल करीत असल्यासारखा मी खाली पाहत असे. माझे दोन्ही पाय शाबूत आहेत. गुडघे वाकतात, टाचा टेकतात, जिना चढता येतो. आणि तरीही आषाढातल्या एका सकाळी, पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यासमोर एक टेम्पो थांबला आणि त्यातून चार चाकांची, पुढे टोपली व मध्ये खुर्ची असलेली एक मोबिलिटी स्कूटर खाली उतरली. ती माझ्यासाठी होती.

बालाराम दारातच शाडू मळत बसला होता. तीस वर्षे तो आमच्याकडे साचे भरतो आहे आणि तेवढीच वर्षे तो येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेतो आहे.

"काय रं कौस्तुभ, कुनाची ही गाडी?"

"माझी."

"तुजी? तुला तर चालाला येतंय."

"येतंय."

"मंग बसाला काय लागतंय?"

उत्तर दिले ते पूर्वाने. ती मूर्तींचे अंगरंग आणि पितांबर रंगवते, आणि तिची जीभ तिच्या ब्रशपेक्षा टोकदार आहे. "बालारामकाका, चालायला तुम्हालाही येतं की. तरी कोपऱ्यावर पान खायला मोटरसायकल काढता ती कशाला?"

सगळे हसले. फक्त अप्पा, माझे वडील, हसले नाहीत. त्यांनी गाडीच्या चाकांकडे एकदा पाहिले, माझ्याकडे पाहायचे टाळले, आणि ते आत गेले. त्या वेळी ते माझ्याशी बोलत नव्हते. त्या अबोल्याचे कारण माझ्या दंडावर चिकटवलेले होते.

दोन हजार तेहतीसच्या पावसाळ्यात कोकणपट्टीत एक ताप येऊन गेला. बहुतेकांना तो दहा दिवस आला आणि त्यांच्या आठवणीतूनही निघून गेला. शंभरांतल्या चौघांना मात्र तो सोडून जाताना त्यांच्यातले काहीतरी सोबत घेऊन गेला. त्या चौघांत मी होतो. बाजारात जाऊन आलो की त्या दिवशी मला काहीही होत नसे. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र कंगवा उचलायला हात वर होत नसे. उजेड डोळ्यांत टोचे, आणि शेजारच्या घरातला भांड्यांचा आवाज माझ्या हाडांत वाजे. तपासण्या स्वच्छ येत. एका डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, दुसऱ्यांनी व्यायाम, तिसऱ्यांनी मन रमवायला सांगितले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच. अप्पा तिन्ही सल्ले आलटून पालटून मला ऐकवत.

अलिबागच्या डॉ. नाझनीन मुकादम यांनी पहिल्यांदा मला आजार समजावून सांगितला.

"प्रत्येक पेशीत अगदी बारीक कणिका असतात, तंतुकणिका," त्या म्हणाल्या. "अन्न आणि प्राणवायू घेऊन त्या शरीराचं इंधन बनवतात. तुम्ही बोट हलवलंत की इंधन संपतं आणि पुढच्या क्षणी पुन्हा तयार होतं. तुमच्या शरीरात ते पुन्हा तयार होणं मंदावलंय. मग पेशी आडवाट धरते, त्यात आम्ल साठतं. एका मर्यादेपर्यंत शरीर ते सहन करतं. मर्यादा ओलांडली की त्याला वाटतं आपल्यावर हल्ला झालाय, आणि ते स्वतःशीच लढायला लागतं. ती लढाई पेटायला दोन दिवस लागतात. म्हणून कारण आणि दुखणं यांची गाठ कुणालाच दिसत नाही."

मी म्हणालो, "मातीच्या मूर्तीचं असंच असतं. घाईने कडक उन्हात वाळवली तर त्या दिवशी ती छानच दिसते."

"आणि तडा कधी जातो?"

"तिसऱ्या दिवशी."

त्यांनी पेन खाली ठेवले. "हे मी पुढच्या प्रत्येक पेशंटला सांगणार."

त्यांनी माझ्या दंडावर नाण्याएवढी एक पातळ चकती चिकटवली. केसाहून बारीक अशा शेकडो सुया तिच्या तळाशी होत्या. त्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचत नसल्याने टोचत नसत. पेशींच्या मधल्या द्रवाची चव त्या दर मिनिटाला घेत, हृदयाचे ठोके मोजत, आणि आपण मर्यादेपासून किती दूर आहोत ते फोनवर एका आकड्यात सांगत. सकाळी शंभर. विसाला लाल रेघ. तिच्या खाली उतरायचे नाही. दिवसभरात जे केले त्याची यादीही फोन आपणहून करी, आणि प्रत्येक कामापुढे त्याने घेतलेला आकडा मांडी. कंपनीने त्या एककाला काहीतरी लांबलचक नाव दिले होते. पेणमध्ये त्याला सगळे 'दम' म्हणू लागले. वर्षभरात गावात चाळीसेक दंडांवर चकत्या आल्या, आणि भाजीबाजारात 'बरं आहे ना?' ऐवजी 'किती दम?' असे विचारले जाऊ लागले.

चकतीने माझा जीव वाचवला यात शंका नाही. पण तिने मला जे दाखवले ते न दिसते तर बरे झाले असते, असेही मला कैकदा वाटले आहे. आंघोळ, सहा. जिना, चार. कॉलेजातल्या मित्राचा फोन, पाच. चुलतबहिणीच्या लग्नाची पंगत, सतरा. मी फोन घेईनासा झालो. दारात कोणी आले की त्याच्या चेहऱ्याआधी मला त्याचा आकडा दिसे. आणि ज्याला माणसे आकड्यांत दिसू लागतात, त्याच्याकडे माणसे फार दिवस येत नाहीत.

कारखान्यात मी डोळे काढतो. आमच्या धंद्यात त्याला आखणी म्हणतात. मूर्ती घडवणारे, घासणारे, रंगवणारे हात बदलले तरी चालतात. डोळे मात्र एकाच हाताचे असावे लागतात. चाळीस वर्षे तो हात अप्पांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि ब्रश माझ्याकडे आला. गाडी आली त्या वर्षी चारशे मूर्तींची मागणी होती. आखणी वेळेत झाली नाही तर काय, याचे उत्तर अप्पांच्या कपाटात एका पाकिटात येऊन पडलेले होते: छापील डोळे. पाण्यात भिजवायचे, पापण्यांच्या मध्ये चिकटवायचे, वरचा कागद ओढायचा. गावातले निम्मे कारखाने ते वापरू लागले होते. ते एकदा आमच्याकडे लागले, की पुढच्या वर्षी आखणीकाराची गरज उरणार नव्हती. अप्पांच्या हातातून माझ्या हातात आलेली गोष्ट माझ्याच हातात संपणार होती.

आणि आखणी उभ्यानेच करायची असते.

आमच्या शेडच्या लांब भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच फळी आहे, छातीच्या उंचीवर. रंगवलेल्या मूर्ती तिच्यावर ओळीने बसतात आणि डोळे वाळेपर्यंत जागच्या हलत नाहीत. आखणीकाराने त्यांच्याकडे जायचे, अनवाणी, आणि उभे राहायचे. "आखणीकार देवासमोर बसत नाही," हे वाक्य अप्पांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकले होते आणि मी अप्पांकडून.

लाल रेघेपर्यंत मला दिवसाला ऐंशी दम मिळत. उठणे, आवरणे, जेवणे यांत सोळा जात. घर ते कारखाना आणि परत, बावीस. सहा तास उभे राहणे, चोवीस. उरत अठरा, आणि एका मूर्तीचे डोळे तीन दम घेत. म्हणजे दिवसाला सहा मूर्ती. लागणार होत्या त्याच्या दुप्पट.

मी अप्पांना काही सांगितले नाही. मी रोज दहा मूर्ती केल्या, उभ्याने, चार दिवस. पाचव्या दिवशी मला उचलून खाटेवर ठेवावे लागले.

अकरा दिवस मी अंधाऱ्या खोलीत होतो. सातव्या संध्याकाळी अप्पा पेजेची वाटी घेऊन उशाशी बसले होते. माझा फोन उजळला आणि त्यांनी तो, डॉक्टरांचा निरोप असेल म्हणून, उचलला. समोर जुनी यादी उघडलेली होती. त्यांनी ती हळूहळू, ओठ हलवत वाचली. आंघोळ, सहा. जिना, चार. अप्पांशी बोलणे, अकरा.

त्यांनी वाटी खाली ठेवली. फोन उपडा ठेवला. आणि त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते. पण ते माझे दम वाचवत होते. चहाचा कप ते दाराशी ठेवून जात, आणि कप टेकल्याचा आवाज होऊ नये म्हणून त्याखाली फडके ठेवत.

अकरा का, हे मला ठाऊक होते. आमच्यात भांडण नव्हते. त्यांच्यासमोर मी पाठ ताठ ठेवून बसे, आवाज भरदार काढी, मधूनच हसे. मी बरा आहे असे दाखवी. ते दाखवणे जिन्यापेक्षा जड होते.

डॉ. मुकादमांनी फोनवरूनच मला फैलावर घेतले. "चालणं हा तुमचा धंदा आहे का?"

"नाही."

"मग बावीस दम त्यावर का घालवता? पाय चालतात म्हणून त्यांना चालवलंच पाहिजे असं कुणी लिहून ठेवलंय? तुमच्याकडे आहे ते थोडं आहे. ते कुठे न्यायचं ते तुम्ही ठरवा. रस्त्याला ठरवू देऊ नका."

त्या संध्याकाळी मी गाडी मागवली. ती आली तेव्हा तीनशे साठ मूर्ती उरल्या होत्या आणि तीस दिवस.

पहिल्या दिवशी घरापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता मी बसून पार केला. चपलांच्या दुकानदाराने माझ्या पायांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा पायांकडे. शाळेत शिकवलेल्या बाईंनी हळहळून विचारले, "अपघात झाला का रे?" मी नाही म्हटल्यावर त्यांना थोडी निराशाच झाल्यासारखी वाटली. मला लाज वाटत होती. पण त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी होते, आणि ते ओळखायला मला अर्धा रस्ता लागला. मी आजूबाजूला पाहत होतो. दोन वर्षांत प्रथमच मी पुढचे पाऊल सोडून दुसरे काही पाहत होतो. कौलांवर शेवाळ आले होते. नव्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी पतंगासारखा एक लाल टॉवेल वाळत टाकला होता. कारखान्यात पोचलो तेव्हा आकडा फक्त दीडाने उतरला होता.

त्या दिवशी मी गाडीवर बसून, अनवाणी, अकरा मूर्तींचे डोळे काढले. संध्याकाळी फोनवर बेचाळीस होते. मी तो आकडा घरी जाईपर्यंत पाच वेळा पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा फळीसमोर उभे होते. सोळा दिवसांनी ते माझ्याशी बोलले.

"कौस्तुभ. इकडे ये. गाडीवरून नको. पायांनी ये."

मी उतरून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"बघ."

मी पाहिले. अकराही मूर्ती खाली पाहत होत्या. आमच्या चेहऱ्यांकडे एकीचीही नजर नव्हती.

बालाराम मागून येऊन डोकावला. "आरं, सगल्यांना भूक लागलीय. निवदाच्या ताटाकडं बघतायत."

पूर्वाला हसू आवरले नाही. तिने तोंडावर हात ठेवला, पण माझा चेहरा पाहून तो हात तसाच राहिला.

चूक कुठे झाली ते मला कळले होते. मूर्तीचे डोळे फुगीर असतात. मी खाली बसून पाहत होतो. मला जो मध्य दिसत होता तो खरा मध्य नव्हता, माझ्या बाजूला झुकलेला होता. तिथे मी बुबुळ ठेवले होते. देवाने माझ्याकडे पाहिले होते, आणि मी खाली होतो. आरतीला उभ्या राहिलेल्या माणसाला हे डोळे कधीच भेटणार नव्हते.

"म्हणून उभं राहायचं," मी म्हणालो. "तुमचं बरोबर होतं अप्पा. पाकीट काढा कपाटातून."

अप्पा भिंतीपाशी गेले, फळीखाली वाकले आणि चुन्यावरून बोटे फिरवू लागले. मग नखाने त्यांनी एक पापुद्रा उडवला. आत बुजवलेले एक भोक होते. त्याच्या वर, चार बोटांवर, आणखी एक.

"बालाराम, हे काय आहे?"

"खिल्यांची भोकं. फली आदी खाली व्हती."

"केव्हा?"

"तुमच्या बाबांच्या टायमाला. ते बुटके व्हते ना. तुमी हातात ब्रश घेतलात तवा वर ठोकली. माज्या बापानंच ठोकली."

अप्पा तिथेच उकिडवे बसून राहिले. त्यांच्या बोटाला चुना लागला होता. "म्हणजे दरवेळी माणसाच्या मापाने फळी हलवली," ते स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले. "डोळ्याला डोळा. एवढंच होतं ते. आणि मी पोराला उभं राहायचंच सांगत बसलो."

"फळी आता उतरवता येणार नाही," पूर्वा म्हणाली. "भरलेली आहे पूर्ण."

"फळी कशाला? हा वर येईल."

मूर्तीखाली ठेवायचे सागाचे पाट कोपऱ्यात रचलेले होते. अप्पांनी त्यातले सहा निवडले. हात कापत होता म्हणून खिळे बालारामने धरले, पूर्वाने माप घेतले. दुपारपर्यंत एक फूट उंचीचा खोका तयार झाला, गाडीच्या खुर्चीखाली लांब बोल्टांनी आवळला गेला, आणि पाय टेकायला खाली एक आडवी फळीही बसली. गाडी डुलू लागली तेव्हा बालारामने तळाच्या पत्र्यावर शाडूचे एक ओले पोते टाकले. "आता वादल आलं तरी हलनार नाय," तो म्हणाला. "फक्त नदीत नको जाऊ."

मी चढून बसलो. समोरच्या मूर्तीचे कोरे डोळे माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर होते.

बालाराम आणि पूर्वा जेवायला गेल्यावर अप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "माझ्याशी बोलायला तुला अकरा लागतात."

"अप्पा, ते यंत्र—"

"लागले तर लागू देत आज. ऐकून घे. तू माझ्यासमोर बरा दिसायला जातोस. मला काय कळत नाही? मी आजारी पोराचा बाप आहे, गिऱ्हाईक नाही. आडवा पडून ऐक. डोळे मिटून ऐक. उत्तर देऊ नको. पण मला तुझ्या घरात मुका करून ठेवू नको रे."

मी पाठ खुर्चीला टेकली. खांदे सैल सोडले. त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली, बुटक्या, तापट, डोळे काढताना श्वास धरून ठेवणाऱ्या माणसाची. अर्धा तास ते बोलले. नंतर मी यादी पाहिली. अप्पांशी बोलणे, चार.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस होते. अकरा मूर्तींचे डोळे पांढऱ्या रंगाने बुजवून मी पुन्हा काढले. मग ओळ पुढे सरकू लागली: तेरा, तेरा, चौदा, तेरा. गाडी एका मूर्तीपुढून दुसरीपुढे जाई तेव्हा शाडूच्या पोत्याने तिला एक जड, सावकाश चाल आलेली असे. रेघ ओढताना माझा हात आता एकटा असे. पाय, कंबर, पाठ हे सगळे आपापला वाटा मागायला मध्ये येत नसत. संध्याकाळी काही उरे. त्या उरलेल्यात मी कॉलेजातल्या मित्राला आपणहून फोन केला. दोन वर्षांनी. तो आधी शिव्या घालत होता, मग रडत होता. आठ दम गेले आणि मला त्यातल्या एकाचेही वाईट वाटले नाही. पूर्वाला मी एकदा खाडीच्या बांधापर्यंत सोबत करशील का म्हणून विचारले. ती म्हणाली, "मी चालणार, तू बसणार. नंतर म्हणशील मी तुला दमवलं." आम्ही गेलो. वाटेत एका माणसाने तिला विचारले, "हे कोण तुमचे, पेशंट?" ती म्हणाली, "नाही. मालक." आणि मग परत येईपर्यंत तिला तेच आठवून हसू येत राहिले.

शेवटच्या दिवशी एकच मूर्ती उरली होती. सार्वजनिक मंडळाची, सहा फुटी, शेडच्या मधोमध चौथऱ्यावर बसवलेली. तिच्या डोळ्यांपर्यंत पाटांचा खोका पुरणार नव्हता. बांबूची परांची होती. चार पायऱ्या चढून वर उभे राहायचे होते. मी तो पूर्ण दिवस त्यासाठी राखून ठेवला होता: सकाळची आंघोळ पूर्वसंध्येला केली होती, आणि त्या दिवशी दुसरी मूर्ती हातात घेतली नव्हती. दुपारी दोन वाजता आकडा सत्तरवर होता.

मंडळाचे सेक्रेटरी सुर्वे ट्रक घेऊन आले होते. त्यांनी मला गाडीवरून येताना पाहिले आणि अदबीने बाजूला सरले. मग मी गाडीवरून उतरलो, चालत परांचीपाशी गेलो आणि पायरीवर पाय ठेवला.

"अहो, हे तर चालतात!" सुर्वे म्हणाले. त्यांचा फोन आपोआप वर झाला होता. "मग ही गाडीची नाटकं कशाला?"

महिनाभर ज्या प्रश्नाला मी खाली पाहत आलो होतो तो आता खालून येत होता आणि मी वर होतो.

"चालतो," मी म्हणालो. "उभाही राहतो. आज तुमच्या देवासमोर उभं राहता यावं म्हणून महिनाभर बसलो."

मी पाठ फिरवली आणि ब्रश हातात घेतला.

मोठ्या मूर्तीचा डोळा एका दमात होत नाही. आधी वरची पापणी, मग खालची, मग बुबुळाचा तपकिरी, मग आतला काळा, आणि दोन्ही डोळे एकमेकांना सांभाळत पुढे न्यायचे. उजवा पूर्ण झाला तेव्हा चाळीस होते. डावा निम्मा झाला आणि दंडावरची चकती थरथरली. पंचवीस. बुबुळ रंगले, तेवीस. आतला काळा गोल बाकी होता, आणि माझ्या मांड्या कापू लागल्या होत्या.

"किती?" खालून अप्पांचा आवाज.

मी त्यांच्याशी खोटे बोललो असतो, महिन्यापूर्वी. "बावीस."

"उतर."

"एकच राहिलंय अप्पा."

"राहू दे. एका डोळ्याचा देव नेतील हे. मला पोरगा दोन डोळ्यांचा हवा. उतर म्हणतो ना!"

सुर्वे चपापले. "अहो, एका डोळ्याचा कसा नेणार? मिरवणूक आहे पाचला. ट्रक थांबलाय."

अप्पा त्यांच्याकडे वळले. त्यांचा हात कापत होता, आवाज मुळीच कापत नव्हता. "देव थांबलाय. तुम्हालाही थांबता येईल. बसा त्या गाडीवर हवं तर."

मी उतरलो नाही, आणि पुढेही गेलो नाही. तिसरा एक मार्ग होता; त्या महिन्याने तो मला शिकवला होता. मी परांचीवरच खाली बसलो, पाय सोडले, कपाळ मूर्तीच्या थंड खांद्याला टेकवले आणि डोळे मिटले. कोणी पाहत असताना असे बसताना मी पूर्वी लाजेने मेलो असतो. छतावरचा पंखा फिरत होता. ठोके उतरत गेले, श्वास लांब झाला. विश्रांतीने गेलेले दम परत येत नाहीत. पण घसरण थांबते, आणि हात पुन्हा आपला होतो. दहा मिनिटे गेली असतील. बावीसचे बावीसच होते.

मी उठलो. श्वास धरला. ब्रश टेकवला, फिरवला, उचलला.

खाली कोणीतरी "मोरया" म्हणाले, अगदी हळू, अनवधानाने निघून जावे तसे. मी वळून पाहिले. ते सुर्वे होते. फोन त्यांच्या हातात खाली लोंबत होता आणि ते मूर्तीच्या नजरेला नजर देऊन उभे होते, जणू त्यांना कोणी नावाने हाक मारली होती.

एकवीस.

ट्रक गेला. अप्पांनी कपाटातले छापील डोळ्यांचे पाकीट काढून बालारामला दिले. "काय करू याचं?" त्याने विचारले. "तुझ्या म्हशीला लाव," अप्पा म्हणाले.

पण आम्ही कोणीच जिंकलो असे म्हटले नाही. म्हणता येत नव्हते. त्या दिवशी मी छानच होतो. दुसऱ्या दिवशीही. रात्री अप्पांनी न विचारता माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, खिडकीला जाड चादर लावली, आणि दार पूर्ण न लावता ते निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा चादरीच्या कडेने उन्हाची एक बारीक रेघ आत आली होती. मी हललो नाही. आधी बोटे, मग मनगट, मग मान, असा मी स्वतःला एकेक अवयव विचारत गेलो. उन्हाच्या त्या रेघेकडे मी पाहिले. ती टोचत नव्हती. गल्लीत कोणीतरी बादली आपटली. ती फक्त बादलीच होती.

मी पाय खाली सोडले आणि स्वयंपाकघरापर्यंत गेलो. अप्पा चहा गाळत होते. माझी चाहूल लागताच गाळणी त्यांच्या हातात तशीच थांबली, पण त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

"किती रे?" त्यांनी ओट्याकडे तोंड करूनच विचारले.

"पाहिलं नाही अजून," मी म्हणालो. "अप्पा, मला भूक लागलीय."

त्यांनी गाळणी ठेवली. मग आयुष्यात कधी घरात आवाज न चढवलेला हा माणूस खिडकीशी गेला, दोन्ही झडपा भिंतीवर आपटतील अशा उघडल्या, आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडला:

"बालाराम! पूर्वा! अरे, पोरगा उठला!"